किल्ल्यांचा हिशेब

पहिल्या वर्षी एकच किल्ली होती.
कावालाच्या बंदरावर, जाळी विकणाऱ्या प्रोद्रोमोसच्या
दुकानावरची खोली.
तीन टाइपरायटर, अकरा खुर्च्या,
त्यातल्या चार चर्चमधून उसन्या.
डांबराचा, सुक्या मासळीचा वास
वह्यांना लागू नये म्हणून
एव्दोकियाबाई खिडक्या लावून घ्यायच्या.
लागायचाच.
पहिल्या तुकडीचं एखादं प्रमाणपत्र सापडलं
तर नाकाशी धरून बघा.

मी तेव्हा शिपाई, झाडूवाला, घंटा आणि घड्याळ.
बाई म्हणाल्या, अनेस्ती, किल्ली तू ठेव,
माझ्या पर्समध्ये काही टिकत नाही.
सोळा जण आले, सात टिकले.
विजेचं बिल भरायला बाईंनी घरचं शिलाईमशीन विकलं
आणि पुढच्या वर्षी शिवणाचा वर्ग निघाला
तेव्हा तेच दुप्पट पैसे मोजून परत आणलं.
प्रोद्रोमोस मरेपर्यंत यावर हसत होता.

दुसरी किल्ली तळघराची : फ्रिजदुरुस्ती.
तिसरी केशकर्तनाची. तिथली लाकडी डोकी
रात्री कपाटात कोंडताना
मी त्यांना झोपा आता म्हणायचो.
चौथी बेकरीची.
पाचवी हरवली, दार फोडावं लागलं.
म्हाताऱ्यांची शुश्रूषा, जहाजाचं वेल्डिंग, जर्मन भाषा
(जर्मन शिकलेले परत आले नाहीत,
नाताळात कार्डं येतात).
जुडगा इतका जड झाला
की पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं.

मग बँकेनं कर्ज दिलं
आणि आम्ही तंबाखूच्या जुन्या वखारीत आलो.
चार मजले. खिडक्याच खिडक्या.
बाई तेव्हा एकोणऐंशीच्या.
स्वतःच्याच संस्थेत बेकरीला नाव घातलं,
आणि नापास झाल्या.
तो निकाल चौकटीत घालून
कचेरीत लावला त्यांनीच.
त्यांचा फोटो आता त्याच्याशेजारी आहे,
थोडा तिरका.
मी सरळ करतो, तो पुन्हा कलतो.

माझं सांगायचं तर,
चाळीस वर्षं दारं उघडली आणि लावली.
त्यामुळे मला प्रत्येक विषयाची
सुरुवात येते आणि शेवट.
मधलं नाही.
पीठ मळायला घेतात ते ठाऊक, पाव थंड होतो ते ठाऊक.

गेल्या वर्षी नव्या संचालिकेनं
सगळ्या दारांना कार्डं बसवली.
किल्ल्या एका खोक्यात भरून माझ्याच हाती दिल्या :
आठवण म्हणून ठेवा.

त्याच हिवाळ्यात पोलिक्सेनी आली.
वय त्र्याहत्तर, इलेक्ट्रिशियनचा अर्ज.
वर्ग तिसऱ्या मजल्यावर.
खिडकीपाशी जाऊन म्हणाली, इथं बसायची मी,
चौदाव्या वर्षी, पानं निवडायला.
सव्वीस वर्षांचा अर्गिरिस सर
तिला काय बोलावं ते न सुचून
स्क्रूड्रायव्हर देऊन मोकळा झाला.

तिसऱ्या आठवड्यात तिनं काहीतरी जोडलं
आणि अख्खी वखार काळोखात गेली.
संचालिका कार्ड घासत राहिली.
दार ढिम्म.
खोकं घेऊन मी मागच्या जिन्यानं चढलो,
पाच चुकल्या, सहावी लागली.

आत कोणी कुजबुजतंय, कोणी हसतंय.
बॅटरी धर, पोलिक्सेनी म्हणाली. मी धरली.
इतकी वर्षं दाराबाहेर,
आणि आता तासाच्या ऐन मध्यावर
मी, हात थोडा थरथरता.

डोळे चिमटे करून तिनं तार वर धरली :
हा कुठला?
तपकिरी, मी म्हटलं.
ती वैतागली.
अरे बाबा, तपकिरी सात असतात.
कुठला तपकिरी?